अकरा नंबरची उजवी बाजू

"काका, तो अकरा नंबर तेवढा परत मोजून ठेवा," मॅडम दारातूनच म्हणाल्या आणि निघून गेल्या. आत आल्या नाहीत. माझ्या हिशेबात याला अर्थ आहे. मॅडम खोलीत शिरून, खुर्ची ओढून बोलल्या की काम असतं. दारातून बोलल्या की कुणाची तरी चूक असते. नऊ वर्षांत त्या चार वेळा दारातून बोलल्या. एकदा फिल्म धुणाऱ्याची चूक होती, दोनदा नव्या डॉक्टरांची, एकदा विजेची. माझी एकदाही नव्हती. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला तो बशीच्या मधोमध न बसता कडेवर बसला, कलंडला, आणि थोडा चहा टेबलावर आला. मी तो पुसला नाही. अकरा नंबर म्हणजे माझी बायको.

म्हणजे कागदावर ती बायको नाही, अकरा नंबर. या दंत रुग्णालयात एक्स-रेच्या खोलीत मी सव्वीस वर्षं बसलोय. तोंडावर मला काका म्हणतात, पाठीमागे मिलिमीटरकाका, आणि पाठीमागचं नाव मला जास्त आवडतं. काम साधं आहे. दाताच्या बाजूचं हाड झिजलं की तिथे खड्डा पडतो. प्रकाशपेटीवर फिल्म ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं, आणि दाताच्या मानेपासून खड्ड्याच्या तळापर्यंतचं अंतर कॅलिपरच्या दोन टोकांमध्ये धरून मोजायचं. अंतर कमी झालं तर हाड वर आलं, वाढलं तर खाली गेलं. बस्स. यात मन घालायला जागा नाही, म्हणूनच मला हे काम आवडतं. माणसं मात्र सगळीकडे मन घालतात. शिंप्याचा टेप ग्राहकाच्या पोटाशी येऊन सैल पडतो, डॉक्टर स्वतः वजनकाट्यावर चढताना तेवढी चप्पल काढून ठेवतात, आमच्या लेखनिकबाई आपलं वय दर दोन वर्षांनी एकानेच वाढवतात. मी हे सगळं बघून ठेवतो. माझ्या खिशात एक छोटी डायरी असते, तीत माणसांच्या अशा नोंदी असतात. कुणाला दाखवत नाही. नुसतं आपल्याला माहीत असावं.

मॅडमचा अभ्यास दीड वर्ष चाललाय. रक्तातली चरबी कमी करायला लोक जी गोळी घेतात ना, तिच्यातल्या औषधाने म्हणे हाडही भरून येतं. पण गोळी गिळली तर ती आधी सगळ्या शरीराला हजेरी देणार, आणि जबड्यापर्यंत पोचेस्तोवर चिमूटभर उरणार. म्हणून मॅडमनी ते औषध जेलमध्ये मिसळलं आणि बोथट सुईने थेट दाताशेजारच्या खड्ड्यात भरलं. जिथे दुखतंय तिथेच. अठ्ठावीस माणसं, प्रत्येकाच्या खालच्या जबड्यात दोन खड्डे, एक उजवीकडे, एक डावीकडे. एका खड्ड्यात औषधाचं जेल, दुसऱ्यात नुसतं जेल. दोन्ही दिसायला एकसारखी, नळीवर फक्त आकडे. कुठल्या बाजूला काय गेलं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं, आणि ती यादी एका बंद पाकिटात मॅडमच्या कपाटात आहे. मॅडमना माहीत नाही, रुग्णाला माहीत नाही, आणि मोजणाऱ्याला तर अजिबात माहीत असता कामा नये. सगळा खेळ या न माहीत असण्यावर उभा आहे. आज चार वाजता ते पाकीट उघडायचं होतं. आत्ता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बायकोला यात मीच आणलं. ती घरी शिवणकाम करते. तिचे खालचे दोन्ही बाजूंचे सुळ्याशेजारचे दात हलायला लागले होते, आणि शिवणाऱ्या बाईला ते दात म्हणजे तिसरा हात. ती धागा दाताने तोडते. लग्न झालं तेव्हापासून मी तो आवाज ऐकत आलोय: मशीन थांबतं, एक क्षण काहीच नाही, मग टक्. घरात दुसऱ्या खोलीत बसून पेपर वाचताना मला कळतं की बाही झाली, आता कॉलर. तो टक् बंद झाला तेव्हा मला आधी कळलंच नाही काय कमी झालंय. मग एकदा बघितलं, तर ती कात्रीने धागा कापत होती, आणि तिचा चेहरा असा होता की जणू काठी घेऊन चालावं लागतंय. तिच्या आईचे दात पंचेचाळिसाव्या वर्षी गेले होते. गाल आत गेलेला आईचा एक फोटो शिवणाच्या डब्यात तळाशी असतो. मी मॅडमना म्हटलं, बायकोला घ्याल का? मॅडम म्हणाल्या, "नियमात बसत असेल तर घेऊ. पण मोजणारे तुम्हीच. तटस्थ राहाल ना?" मी हसलो. म्हटलं, "मॅडम, फिल्मवर बायको दिसत नाही." हे वाक्य विभागात आठवडाभर फिरलं. लोक मला ते ऐकवायचे, मीही ऐकून घ्यायचो.

जेल भरलं त्या दिवशी घरी आल्यावर ती आरशासमोर गाल ओढून बघत होती. म्हणाली, "उजवीकडचं काय कडू होतं हो! जीभ अजून आंबल्यासारखी झालीय. डावीकडचं काहीच नाही, नुसतं गार." मी बूट काढत होतो. एक बूट निघाला होता, दुसरा पायात होता, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात एक दिवा लागला. औषध कडू असतं, नुसतं जेल कशाला कडू असेल? म्हणजे उजवीकडे औषध. मी तिला तिथेच गप्प करायला हवं होतं. कान झाकायला हवे होते. पण मी तो दुसरा बूट काढला, जागेवर ठेवला, आणि म्हटलं, "हो का? फार कडू?" त्या 'फार'मध्ये माझा सगळा सव्वीस वर्षांचा कोरडेपणा विरघळला, हे आज कळतंय. तेव्हा वाटलं, बायकोची विचारपूस केली.

आणि मग मला ती खोडच लागली. बारा नंबर आला, तेरा आला. जेल भरून झालं की रुग्ण एका फिल्मसाठी माझ्याकडे यायचा. मी फिल्म दातामागे बसवताना सहज, गप्पा मारल्यासारखं विचारायचो, "काय, कडू लागलं का कुठे?" माणसाला आपल्या तोंडाबद्दल बोलायला फार आवडतं. बोट दाखवून सांगायचे. मी मान डोलवायचो आणि ते गेले की डायरीत लिहायचो. कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नाही. मला माहीत असणं एवढंच पुरेसं होतं. पाकीट मॅडमच्या कपाटात आणि उत्तर माझ्या खिशात, हे काही कमी सुख नव्हतं.

सहा महिन्यांनी तिची फिल्म निघाली. मी मोजली. उजवीकडे आधी पाच पूर्णांक आठ होतं, आता तीन पूर्णांक नऊ. डावीकडे पाच सात होतं, आता पाच चार. मी भिंग बाजूला ठेवून खिडकीकडे बघत बसलो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं आणि त्या चादरी मला इतक्या पांढऱ्या कधीच दिसल्या नव्हत्या. जवळजवळ दोन मिलिमीटर हाड! ज्याला मिलिमीटर म्हणजे काय ते माहीत नाही त्याला हे समजणार नाही. घरी जाऊन मी तिला सांगितलं. सांगायचं नसतं, ठाऊक होतं, तरी सांगितलं. "उजवीकडचं भरलं. खुशाल चाव." ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग जिभेने आतून तो दात चाचपला आणि हसली. दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचत होतो, मशीन थांबलं, आणि टक्. मी पेपरावरून मान वर केली. तिने उजवीकडे मान वळवून धागा तोडला होता, आणि माझ्याकडेच बघत होती. तेव्हापासून महिनाभर घरात तो आवाज आहे. तिने एकदा म्हटलंही, "अहो, कात्रीला जरा धार लावून आणा ना, बोथट झालीय." मी म्हटलं, "आता तुला कात्री कशाला? दात दिलाय ना आम्ही." दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली, मग म्हणायची थांबली.

दार वाजलं. मुंगी आली. ही आमच्याकडची नवी डॉक्टर, सत्ताविसाची असेल, नसेल. हिला मुंगी हे नाव मीच दिलंय, कारण ही एका फिल्मवर चाळीस मिनिटं फिरते. नियम असा की अठ्ठावीस जणांपैकी तिघांच्या फिल्म चिठ्ठी टाकून काढायच्या आणि दुसऱ्याने त्या नव्याने मोजायच्या. जुळल्या तर सगळ्या बरोबर धरायच्या. मुंगीच्या वाट्याला चार, एकोणीस आणि अकरा आल्या.

"काका, रागावू नका हं," ती म्हणाली.

"अजून कारण कळलं नाही."

"चार जुळला. एकोणीसमध्ये अर्ध्याच्या आत फरक आहे, चालतो. पण अकरा..." तिने कागद पुढे सरकवला. "मला उजवीकडे पाच पूर्णांक दोन आलं. तुम्ही तीन नऊ लिहिलंय. आणि डावीकडे मला चार एक, तुमचं पाच चार."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे, आणि उलट्या दिशेने. मी तीनदा मोजलं. मला वाटलं माझीच फिल्म उलटी लागलीय. पण कोपऱ्यातला बाजू ओळखायचा ठिपका बघितला, बरोबर आहे." ती ओठ चावत थांबली. "तुम्हीच शिकवलंत ना काका, जाळी दिसली तर हाड, नुसता धूर दिसला तर सोडून द्यायचं. उजवीकडे मला धूरच दिसतो."

माझंच वाक्य माझ्याच टेबलावर. मी म्हटलं, "बघतो." ती गेली नाही. मी परत म्हटलं, "बघतो म्हटलं ना," आणि तो आवाज मला माझ्या वडिलांचा वाटला.

वडील आमची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने नोंदवायचे. मला सैन्यात घालायचं त्यांनी मी आठ वर्षांचा असतानाच ठरवलं होतं. दर वाढदिवसाला मी चौकटीला पाठ लावून उभा राहायचो, ते माझ्या डोक्यावर पुस्तक ठेवायचे आणि रेघ मारायचे. मी टाचा उचलायचो. थोड्याच, कळू नये इतक्या. आणि ते खाली बघायचे नाहीत. सरळ रेघेकडे बघायचे, आणि म्हणायचे, "शाब्बास, वाढलास." अठराव्या वर्षी चौकटीवर मी पाच फूट सात होतो. भरतीच्या ठिकाणी एका सुभेदाराने लोखंडी पट्टी माझ्या टाळूवर टेकवली, बुटाच्या टोकाने माझ्या टाचा जमिनीला लावल्या आणि ओरडून आकडा सांगितला: पाच सहा, एक सूत कमी. पुढचा! परत येताना गाडीत वडील एकच वाक्य बोलले, "त्यांची पट्टी खराब असेल." मला तेव्हा त्यांची इतकी चीड आली की मी आयुष्यभर पट्टीच्या बाजूने राहायचं ठरवलं. ते खरंच खाली बघत नव्हते की बघून बघत नव्हते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. चौकट तर घरासकट गेली.

मी प्रकाशपेटी लावली. अकरा नंबरची उजवी बाजू ठेवली, भिंग डोळ्याला लावलं. दात दिसला. पांढरा, लांबोडका, ओळखीचा. त्याच्याशेजारी तो खड्डा, आणि खड्ड्यात ते. महिन्यापूर्वी मी ज्याला हाड म्हटलं होतं ते. राखाडी, मऊ, वरून खाली उतरत गेलेलं. कॅलिपरचं टोक मी दाताच्या मानेवर टेकवलं, दुसरं खाली न्यायला लागलो, आणि ते टोक आपोआप तीन नऊशी थांबलं. माझा हात तिथे थांबला, मी थांबवला नव्हता. हाताला रस्ता पाठ होता. मी परत वर गेलो. परत खाली आलो. परत तीन नऊ. मुंगी चुकली असेल. नवी आहे, घाबरट आहे, फिल्मवर फार वेळ बघितलं की डोळे थकतात, आणि थकलेल्या डोळ्यांना हाड दिसत नाही. एवढं मनात आलं आणि मीच दचकलो. थकलेल्या डोळ्यांना हाड दिसत नाही, मग हावऱ्या डोळ्यांना काय काय दिसत असेल?

मी फिल्म काढली. शेजारी पुठ्ठ्याचा डबा होता, त्यातल्या जुन्या, अभ्यासाबाहेरच्या आठ फिल्म घेतल्या, त्यांत तिची एक टाकली, सगळ्यांवरचे आकडे चिकटपट्टीने झाकले आणि डोळे मिटून सगळ्या पिसल्या. साठीला आलेला माणूस बंद खोलीत स्वतःपासून फिल्म लपवतोय. कुणी बघितलं असतं तर हसून हसून पडलं असतं. मग एकेक लावत गेलो. पहिली, दुसरी, तिसरी. ओळखू येऊ नये म्हणून दाताकडे बघतच नव्हतो, नुसता खड्डा बघत होतो. पाचव्या फिल्मवर खड्ड्यात धूर होता. जाळी नव्हती. बारीक विणीचा कापडासारखा पोत हाडाला असतो, तो नव्हता, नुसती धूसर सावली होती. मी तिच्या खालपर्यंत गेलो, आकडा लिहिला: पाच दोन. चिकटपट्टी उचकटायच्या आधीच मला माहीत होतं.

डावी बाजू मी अशीच मोजली. सातव्या फिल्मवर जाळी होती. नाजूक, अर्धवट, पण विणलेली, कोपऱ्याकोपऱ्यातून धागा धागा धरत वर आलेली. चार एक. मी महिन्यापूर्वी हिच्याकडे बघितलं होतं आणि म्हटलं होतं, काही नाही, नुसता धूर. डावी बाजू साधी आहे, तिथे काही असणारच नाही, असं मी आधीच ठरवून बसलो होतो. हाड आलं होतं. माझ्या बायकोच्या तोंडात हाड आलं होतं, आणि मी ते पुसून टाकलं होतं.

आता डायरी काढली. काढायची नव्हती, पण काढली. अकरा ते अठ्ठावीस, अठरा माणसं. तिघांना काही आठवत नव्हतं. उरलेल्या पंधरांसमोर माझ्याच बारीक अक्षरात: कडू, उजवी. कडू, उजवी. कडू, उजवी. मी बोट ठेवून खाली आलो. पंधराच्या पंधरा उजव्या. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या होत्या. चिठ्ठीत पंधरा वेळा उजवी येते का? सात आली असती, आठ आली असती, फार तर दहा. मी इतरांची वयं, पोटं, चपला मोजत बसलो, आणि माझ्याच वहीतला एक रकाना वरून खाली एकदा वाचला नाही!

मी उठलो आणि वरच्या मजल्यावर उपचाराच्या खोलीपाशी गेलो. दाराला काच आहे. आत खुर्चीवर कुणीतरी आडवं होतं, मॅडम नव्हत्या, दुसरे डॉक्टर होते, पण उभे तिथेच होते जिथे सगळे उभे राहतात: रुग्णाच्या उजव्या हाताला. रुग्णाचं डोकं त्यांच्याकडे कललेलं. समोरच्या बाजूने सिस्टर, आणि तिच्या हातातली पाणी ओढायची नळी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात. मी बघत राहिलो. खड्डे धुवायचं ते जंतू मारायचं पाणी आत गेलं, आणि अर्थातच उताराने उजव्या गालात साचलं. डावीकडचं नळीने ओढून नेलं. सिस्टर बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "ते धुवायचं पाणी कसं लागतं हो चवीला?"

"कडू जहर," ती म्हणाली. "का? तुम्हाला प्यायचंय?"

"आणि जेल?"

"जेलला कुठली चव? कुणीतरी एकदा चाटून बघितलं होतं. दोन्ही सारखीच, गोंदासारखी." मग माझ्याकडे नीट बघून, "काका, बसा जरा. पांढरे पडलात."

मी बसलो नाही. जिन्याने खाली उतरलो, आणि उतरताना पायऱ्या मोजल्या. बावीस. रोज मोजतो. उजवीकडे औषध आहे की डावीकडे, ते पाकीटच जाणे. मला काहीच माहीत नव्हतं. सहा-सात महिने मी काहीच माहीत नसताना सगळं माहीत असल्यासारखा चाललो, आणि पंधरा तोंडांमधली उजवी हाडं वर उचलली, डावी दाबली. किती? अर्धा मिलिमीटर? एक? उजव्यांपैकी काही खरंच औषधाच्या असतील, तिथे ते जादा चांगलं दिसेल. काही नसतील, तिथे ते बिनकामाचं ठरेल. आणि उद्या कुणीतरी दुसऱ्या गावातला डॉक्टर मॅडमचा शोधनिबंध वाचेल आणि कुणाच्या तरी जबड्यात ते भरेल, किंवा भरणार नाही.

साडेतीनला मुंगी परत आली. मी नवे आकडे तिच्यापुढे ठेवले. तिचा चेहरा एकदम उजळला. "जुळले! काका, अगदी जुळले! मग मी काय करते, तुमचा जुना आकडा लिहिताना चुकला असं टाकते. तिघेही जुळले, म्हणजे बाकी पंचवीसही बरोबर. चारला उघडू पाकीट. मॅडम कधीच्या येरझाऱ्या घालतायत."

"लिहिताना चुकला?"

"असंच टाकतात ना सगळे."

इतकं सोपं होतं. एक ओळ. माझ्या आयुष्यातली पहिली खोटी ओळ, आणि तीही मुंगीच्या अक्षरात. पंचवीस जणांच्या फिल्मांना कुणी हात लावला नसता. मी मिलिमीटरकाकाच राहिलो असतो. दोन वर्षांनी निवृत्त झालो असतो, निरोपाला कुणीतरी फिल्मवर बायको दिसत नाही ते वाक्य परत सांगितलं असतं आणि सगळे हसले असते. मुंगी माझ्याकडे बघत होती, पेन उघडून, आणि खाली, माझ्या टाचांकडे, अजिबात बघत नव्हती.

"पेन बंद कर," मी म्हटलं. "चल माझ्याबरोबर."

मॅडमच्या टेबलावर ते पाकीट होतं. खाकी, लाखेचा शिक्का असलेलं, अगदीच साधं. आकडे ताडून बघायला आलेले संख्याशास्त्राचे गृहस्थ घड्याळ बघत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. बायकोचं कडू, माझं विचारणं, डायरी, पंधरा उजव्या, कडू पाणी. सांगताना मला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो आकडे सांगतानाचाच आवाज होता. संख्याशास्त्राचे गृहस्थ मध्येच म्हणाले, "पंधरापैकी पंधरा?" आणि त्यांना हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत.

"हे कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. आत्ता."

"काका, एका महिन्यात शोधनिबंध पाठवायची तारीख आहे. मी दीड वर्ष..." त्या थांबल्या. टेबलावरच्या पाकिटावर त्यांचा हात होता, बोटं शिक्क्यावर. मला तो हात बघवेना आणि नजरही काढवेना. मनात आलं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या. मनात आलं, म्हणाव्यात. खोलीत पंख्याचा आवाज होता, आणि तो एका फेरीत एकदा कुठेतरी घासत होता. मी सत्तावीस फेऱ्या मोजल्या.

मग त्यांनी पाकीट उचललं, कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. "अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांच्या फिल्म बाहेरच्या माणसाकडे जातील. नव्याने. तुम्ही यापुढे फिल्म काढायच्या. मोजायच्या नाहीत." मी मान डोलवली. "आणि ती डायरी इथे ठेवा." मी ठेवली. तीत वयं होती, पोटं होती, चपला होत्या, मॅडम स्वतः होत्या, दारातून चार वेळा. आता पाच. दारापाशी पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांचा दात कसा आहे?" आवाज अजून रागाचाच होता.

"डावीकडे हाड आहे, मॅडम. कशाने ते माहीत नाही. पण आहे."

घरी पोचलो तेव्हा उन्हं खिडकीतून मशीनवर आली होती. ती एका निळ्या झग्याला बाही लावत होती. मी बूट काढले, दोन्ही, आणि ते जागेवर न ठेवता तसाच तिच्यासमोर जाऊन बसलो. मशीन थांबलं. तिने धागा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि मान उजवीकडे वळवली.

"थांब," मी ओरडलोच. "उजवीकडे चावू नकोस. मी चुकीचं सांगितलं होतं. उजवीकडे काही नाही. डावीकडे आहे."

तिने धागा खाली घेतला. घाबरली नाही, चिडली नाही. धागा बोटाला गुंडाळत म्हणाली, "माहिताय."

"काय माहिताय?"

"तोंड माझं आहे ना? डावीकडचा हलायचा थांबलाय, कधीचाच. उजवीकडचा धागा धरला की मुळापासून कळ येते. तुम्ही नसलात की मी डावीकडेच तोडते."

"आणि मी असलो की?"

"तुम्ही इतक्या खुशीत सांगितलंत..." तिने खांदे उडवले. "तुमच्यासमोर तेवढं उजवीकडे."

"महिनाभर? दुखत असताना?"

"सारखं कुठे? तुम्ही पेपरातून मान वर करता तेव्हाच." ती हसली, आणि मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. "अहो, काय झालं? आज कामावर काही झालं का?"

मी नुसती मान हलवली. मग तिने निळा झगा मांडीवर सरळ केला, धागा डावीकडे नेला, आणि टक्. तोच आवाज, फक्त जरा वेगळ्या बाजूने आलेला. मी उठलो. शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. अंगठ्याने पातं बघितलं, कागदही कापला नसता. तळाशी गाल आत गेलेल्या आईचा फोटो होता. मी कात्री एका चिंधीत गुंडाळली आणि परत बूट घालायला लागलो.

"आत्ता कुठे निघालात?"

"धार लावायला."

"उद्या चाललं असतं की," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.